वाईतलं जुनं घर: स्वयंपाकघर आणि माजघर नीट करायचंय, भिंती मातीच्या आहेत, काय करू?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला तरी काय सांगता येणार.

वाईला गंगापुरीत आमचं सासरचं जुनं घर आहे. वाडा म्हणावा एवढं मोठं नाही, तीन खणांचंच, पण बांधणी वाड्याचीच. पुढं ओसरी, मग माजघर, त्याच्या मागं स्वयंपाकघर आणि मग परस. माजघरावर माडी आहे म्हणून तिथं कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं आणि वर मातीचं छत, स्वयंपाकघरावर मात्र नुसती मंगलोरी कौलं. भिंती पावणेदोन फूट जाड, खाली दगड, वर पांढरी माती आणि मधे मधे सागाचे खांब. कधी बांधलं ते कागदावर कुठं नाही, पण मामंजींच्या आजोबांची मुंज या घरात झालीय म्हणजे शंभरी कधीच ओलांडली.

आम्ही इतकी वर्षं पिंपरीला होतो. मामंजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ह्यांचं कामही घरूनच चालतं, म्हणून मे महिन्यापासून इकडेच राहायला आलोय. पहिला पावसाळा काढला आणि स्वयंपाकघराची खरी तब्येत कळली. मोरीच्या बाजूच्या भिंतीला वीस-एक वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा करून चार फुटांपर्यंत ऑइलपेंट मारलेला आहे. तो ऑइलपेंट आता पोळीसारखा फुगलाय, बोटानं दाबला की आत जातो आणि सोडला की मागून माती झरझर गळते. गंमत बघा, ओल पेंटच्या खाली नाही तर पेंट जिथं संपतो त्याच्या वर दिसते, तिथं पांढरं मिठासारखं सुटलंय. लोणा म्हणतात ना, तोच. रोज सकाळी ओट्यावर चिमूटभर पडलेलं असतं, मी पुसते, दुसऱ्या दिवशी परत.

माजघरात आम्ही जेवतो. इतकी वर्षं पाट मांडून पंगतच असायची, पण मामंजींना आता खाली बसता येत नाही, ते एकटेच खुर्चीवर ओसरीत जेवतात आणि आम्ही सगळे आत. मला ते बघवत नाही. टेबल घ्यायचं म्हटलं तर खोली नऊ बाय बाराची, एका भिंतीला फडताळ, एका बाजूला माडीचा जिना, आणि वरून कडीपाटातून माती पडते. माडीवर कुणी चाललं की ताटात खडा आलाच म्हणून समजा.

एका कॉन्ट्रॅक्टरला दाखवलं. तो म्हणाला सगळा गिलावा पाडून सिमेंट मारू, वरपर्यंत टाइल्स, पीओपीचं छत आणि मॉड्युलर किचन, 2 लाख 60 हजार. ऐकायला छान वाटलं, पण तो गेल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सिमेंटनंच तर ही गत केली ना." तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. पाडून नवीन बांधायचं नाही हे आमचं ठरलेलं आहे. माघापासून कृष्णाबाईच्या उत्सवाला माणसं येतात, तोपर्यंत निदान स्वयंपाक करण्याजोगं आणि सगळ्यांना एकत्र जेवता येईल असं झालं पाहिजे. कुणी असं जुनं घर नीट केलंय का?

पाचवडचा

ताई, तुमच्या सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं, मी जरा फोड करून सांगतो. जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या डागडुजीचं काम गवंड्यांबरोबर बरीच वर्षं केलंय.

मातीची भिंत पाणी पिते आणि सोडते. पावसाळ्यात पिणार, उन्हाळ्यात सोडणार, शंभर वर्षं तिचं हेच चाललंय. तिच्या तोंडावर सिमेंट आणि वर ऑइलपेंट मारला की पाणी सोडायची वाट बंद. मग ते पाणी आतल्या आत वर चढतं आणि पेंट जिथं संपतो तिथून बाहेर पडतं, पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं, तेच तुम्ही रोज सकाळी पुसताय. वरपर्यंत टाइल्स लावल्या तर ओल आढ्यापर्यंत जाईल आणि वाटेत सागाचे खांब भिजतील. माती परत भरता येते हो, कुजलेला खांब भिंतीत उभा असताना बदलणं फार जिकिरीचं. त्यामुळं त्या माणसाला नाही सांगा.

पण गिलाव्याला हात लावायच्या आधी पाणी येतंय कुठून ते शोधा, नाहीतर मी सांगतोय तो चुनासुद्धा दोन वर्षांत सुटेल. तीन ठिकाणं बघा. मोरीचा उतार आणि तिचं पाणी बाहेर नेणारा पाइप, तो भिंतीतून जात असेल तर सांध्यात नक्की गळत असणार. दुसरं, कौलांचं पाणी पन्हळीतून पडतं का थेट भिंतीच्या पायाशी. आणि तिसरं, परसातली जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झालीय का? जुन्या घरांत दर पिढीला परसात काहीतरी भर पडते, कोबा होतो, फरशी होते, आणि एक दिवस बाहेरचं आतल्यापेक्षा वर येतं. दोरी आणि पाणपातळी घेऊन मोजा, नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

ही तीन उत्तरं द्या, मग पुढचं सांगतो.

तांबडी_माती

कृष्णाकाठची ताई, आमचं घर गुहागरकडं, जांभ्याचं. तुमच्या मातीपेक्षा वेगळं, पण चूक मी तीच केली म्हणून लिहावंसं वाटलं.

चार वर्षांपूर्वी हौसेनं मॉड्युलर किचन करून घेतलं. प्लायची कपाटं, मागची पाठ थेट चिऱ्याच्या भिंतीला चिकटवलेली, खाली जमिनीपर्यंत पट्टी मारून बंद. पहिल्या पावसाळ्यात आतल्या पिठाच्या डब्यांना कुबट वास यायला लागला, दुसऱ्या पावसाळ्यात खालचा खण उघडला तर मागची सगळी पाठ बुरशीनं हिरवी-काळी आणि कोपऱ्यातून वाळवीची मातीची नळी वर गेलेली. सगळं उचकटून परसात जाळलं. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण माझ्या आजेसासूबाईंचं शिसवी फडताळ त्या किचनसाठी जागा हवी म्हणून विकलं होतं, ते काही परत येत नाही. तुमचं फडताळ आहे ना, त्याला हात लावू नका.

आता आमच्याकडे कडप्प्याचे उभे पाय आणि त्यावर ग्रॅनाइटचा ओटा, खाली सगळं उघडं. चाकाच्या स्टीलच्या जाळ्या खाली सरकवल्यात, झाडायला बाहेर ओढता येतात आणि मागं वारा खेळतो. ताटं-वाट्यांना साधी स्टीलची मांडणी, तीही भिंतीपासून बोटभर पुढं. दिसायला मासिकातल्यासारखं नाही, पण तेव्हापासून एकाही पावसाळ्यात वास नाही.

ओट्याला वरून कडप्पा घालू नका एवढं मात्र ऐका. स्वस्त पडतो, पण तो चुनखडीच्या जातीचा, त्यावर लिंबू, कोकम, चिंच सांडली की पांढरा डाग पडतो आणि तो घासून जात नाही. आमच्याकडे आगळ सांडल्याशिवाय दिवस जात नाही. तुमच्याकडे शहाबादी फरशी असेल तर तिचंही तेच, मोरी धुवायचं ॲसिड चुकूनसुद्धा टाकू नका, फेस येतो तो फरशीचाच असतो.

नीता_ठाणे

मी थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. घर जपायचं हे कबूल, पण त्या ओट्यापाशी रोज तीन वेळा उभी कोण राहणार? फोडणीचे शिंतोडे, दुधाचं उतू जाणं, कुकरची शिट्टी उडणं, हे सगळं चुन्याच्या भिंतीवर बसलं की पुसता येत नाही. माझ्या आईनं आयुष्यभर दर दिवाळीला स्वयंपाकघराला सफेदी केली, शिडीवर चढून, पंचावन्नाव्या वर्षापर्यंत. मला टाइल्स मिळाल्या तेव्हा ती माझ्या ओट्याच्या टाइलवरून फडकं फिरवून बघत उभी राहिली होती, एका हातानं पुसलं की साफ. मला ते चित्र विसरता येत नाही. तेव्हा जुन्या घराची माया करताना बाईच्या हातांचाही विचार करा एवढंच.

पाचवडचा

नीताताई, बरोबर आहे तुमचं, याला उत्तर दिलंच पाहिजे. टाइल्स अजिबात नकोत असं नाही. भिजणारी भिंत आणि कोरडी भिंत यांत फरक करा. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामधली जी आतली भिंत असते ती बहुतेक कोरडी असते, शेगडी त्या भिंतीला न्या आणि शेगडीच्या मागं दीड-दोन फूट उंचीची टाइल किंवा ग्रॅनाइटची पट्टी बिनधास्त लावा. बाहेरची, मोरीची भिंत मात्र उघडी ठेवा. सिंकही त्या भिंतीवरून काढता आलं तर सोन्याहून पिवळं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे खूप आभार. काल ह्यांनी आणि मी मोजमाप केलं. दोरी लावली तर परसातला कोबा आतल्या शहाबादीपेक्षा सव्वाचार इंच वर निघाला!! आणि उतार घराकडं. मामंजींना विचारलं तर म्हणाले, कपडे धुवायला चिखल नको म्हणून तो कोबा त्यांनीच करून घेतला होता, आणि एवढं बोलून गप्पच बसले. मी म्हटलं तेव्हा सगळेच तसं करायचे.

मोरीचा पाइप भिंतीतूनच जातो. पन्हळ आहे, पण टोकाला फुटलीय, पाणी नेमकं त्याच कोपऱ्यात पडतं. म्हणजे तीनही गोष्टी एकाच भिंतीवर.

शेगडीची जागा बदलायची कल्पना आवडली. आतल्या भिंतीला दाराच्या वर मात्र एक तिरकी भेग आहे, कोयनेच्या भूकंपापासूनची, सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही होती म्हणतात. तिथं टाइल लावली तर चालेल का?

नीताताई, राग कसला, तुमच्या आईचं वाचून मला माझी आठवली.

नदीपात्र_पुणे

कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, म्हणजे ती भेग तेवढी जुनी असेल आणि तेव्हापासून तशीच असेल तर काळजी कमी. पण तशीच आहे हे गृहीत धरू नका, तपासा. सोपा उपाय आहे, काचेची बोटभर रुंद पातळ पट्टी घ्या आणि भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना प्लास्टरच्या गोळ्यानं घट्ट बसवा, शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहा. भिंत हलत असेल तर काच तडकते. अशा दोन पट्ट्या लावा, एक दाराच्या लगेच वर, एक भेगेच्या टोकाला. काच शाबूत राहिली तर पुढच्या पावसाळ्यानंतर भेग चुन्यानं भरून घ्या. तडकली तर मात्र इंजिनिअर आणा, जुन्या बांधकामाचं काम केलेला, नुसता आरसीसीवाला नको. तोपर्यंत शेगडी त्या भेगेपासून दोन-तीन फूट बाजूला ठेवा.

माझे आजोबा नारायण पेठेत राहायचे, 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं त्याच्या गोष्टी आम्ही त्यांच्याकडूनच ऐकल्या. पाणी ओसरल्यावर ते घरी गेले तर भिंती बसलेल्या, चिखलाचे ढीग, आणि मधे लाकडाचा सांगाडा आणि कौलं तशीच उभी. ते म्हणायचे घर लाकडावर उभं असतं, भिंत म्हणजे त्याचं पांघरूण. तुमच्या इथं पाचवडच्यांनी खांबांची काळजी केली ती म्हणूनच. मोरीच्या भिंतीतला खांब बुडाशी टोच्यानं टोचून बघा, मऊ लागतो का. आणि हे सगळ्यात आधी करा, रंग टेबल नंतर.

वायरमन_अण्णा

वहिनी, एक विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. ओली भिंत आणि जुनी वायरिंग, ही जोडी जीव घेते. तुमच्या स्वयंपाकघरात दोन पिनांची काळी बटणं असतील तर अर्थिंग नाहीच असं समजा. मिक्सर, फ्रिज, ओव्हन लावायच्या आधी नवीन अर्थिंग, आणि मेनला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, हे दोन झाल्याशिवाय काहीही करू नका. करंट गळाला की तो आपोआप पडतो.

मातीच्या भिंतीत खाच मारून पाइप दाबायला देऊ नका, भिंत पोकळ होते आणि ओलीत वायर बसते. वरून केसिंग पट्टी न्या, खांबाच्या आणि तुळईच्या कडेनं नेली तर डोळ्यात भरत नाही. फ्रिज आणि ओव्हनला स्वतंत्र लाइन, चार स्क्वेअर एमएमची. एक्झॉस्टसाठी भिंतीला नवीन भोक पाडू नका, खिडकीच्या वरच्या झडपेत बसतो तो.

आणि गॅस. गॅस हवेपेक्षा जड, गळाला तर जमिनीलगत साचतो. जुन्या स्वयंपाकघरात खिडकी उंचावर असते ती धुरासाठी, गॅससाठी तिचा उपयोग नाही. परसाच्या दाराला खाली जाळी ठेवा. सिलिंडर उभा, शेगडीपेक्षा खाली, आणि नळी पाच वर्षं झाली असेल तर बदला, चांगली दिसत असली तरी.

मीठभाकर

जेवायच्या जागेबद्दल कुणी बोललं नाही, मी बोलते, कारण तुमच्या पोस्टमधलं मामंजी एकटे ओसरीत जेवतात हे वाक्य वाचून मला बाकीचं काही दिसलंच नाही.

आमच्याकडे सांगलीला माजघर तुमच्यापेक्षाही लहान होतं. आम्ही काय केलं, तर पंगत मोडली नाही, उंची बदलली. एका बाजूला सुताराकडून दोन फूट रुंदीचं, दोन पानांचं घडीचं टेबल करून घेतलं, पानं खाली सोडली की दीड फुटाची जागा घेतं. बाबांना खुर्ची, त्यांच्या दोन्ही बाजूंना आमच्यापैकी कुणीतरी दोघं खुर्चीवर, आणि बाकीचे समोर पाटावर. आळीपाळीनं खुर्चीवर कोण बसणार हे मुलं ठरवतात. बोलताना मान वर करावी लागते एवढंच, पण एका खोलीत एका वेळी जेवण होतं, वाढणारीला ओसरीत फेऱ्या मारायला लागत नाहीत.

टेबल घ्यायच्या आधी दार मोजा!! आमच्या दाराची रुंदी सव्वादोन फूट आणि उंची साडेपाच, त्यात उंबरा, दुकानातलं टेबल दारातच अडकलं आणि परत गेलं. म्हणून सुताराला आतच जोडायला लावलं. भिंतीला बिजागरीनं अडकवायचं टेबल मातीच्या भिंतीला नको, स्क्रू धरत नाही. उंबरा कापू नका, मामंजींसाठी दोन्ही बाजूंना उतरती फळी ठेवा आणि दाराच्या चौकटीला धरायला एक लाकडी मूठ.

कडीपाटातून माती पडते त्याला पूर्वी लोक काय करायचे माहितीये ना? जेवायच्या जागेवर छत बांधायचे, कापडाचं. जाड खादीचं किंवा मांजरपाटाचं कापड तुळयांच्या मधे ताणून, कडेला लाकडी पट्टीत. धुवायला काढता येतं, वरची लाकडं झाकून कुजत नाहीत, आणि पांढऱ्या कापडानं खोलीत उजेड दुप्पट वाटतो. पीओपीचं वजन त्या जुन्या कड्यांवर टाकायची काही गरज नाही.

पाचवडचा

छताचं मीठभाकर ताईंनी फार चांगलं सांगितलं. त्याबरोबर माडीवरच्या मातीचंही बघा, कड्यांच्या मधली किलचणं सरकली असतील म्हणून गळते. वरून थोडी थोडी माती बाजूला करून सरकलेल्या फळ्या नीट बसवायच्या, मग तीच माती चाळून परत चोपायची. मधे प्लास्टिकचा कागद घालायला सांगतील, घालू नका, खाली घाम धरतो.

आता भिंत. कोबा आधी फोडा, परस आतल्या फरशीपेक्षा निदान सहा इंच खाली न्या आणि उतार घरापासून लांब. मोरीचा पाइप भिंतीतून काढून दाराच्या बाजूनं वळवा. पन्हळ बदला. मग आतला सिमेंटचा गिलावा हळूहळू, लहान छिन्नीनं सोला, ब्रेकर मशीन लावू देऊ नका, भिंत हादरते. उघडी भिंत दिवाळीपासून होळीपर्यंत तरी सुकू द्या. लोणा सुटेल तो कोरड्या कुंच्यानं झाडून घराबाहेर टाकायचा, पाण्यानं धुवायचा नाही, धुतला की परत आत शिरतो. म्हणजे उत्सवात ती एक भिंत उघडीच दिसेल, त्याला इलाज नाही, घाई केलीत तर परत हेच. समोर मांडणी ठेवा, चार बोटं सोडून.

होळीनंतर आधी मातीचाच थर, त्याच पांढऱ्या मातीत भाताचं काड घालून, चार-पाच दिवस तुडवून आंबवलेला. तो वाळून भेगा पडल्या की त्या भरायच्या आणि वरचा हात खरबरीत ठेवायचा. मग चुन्याचा गिलावा, चुना एक भाग तर वाळू आणि सुरखी मिळून अडीच भाग. सुरखी म्हणजे भाजक्या विटेची पूड, ओलीच्या भिंतीला ती हवीच. चुना कळीचा आणायचा आणि आत्ताच विझवून ठेवायचा, पाण्याखाली जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. गवंडी गुळाचं पाणी आणि हिरडा घालायला सांगतील, घाला. थर पातळ, आणि उन्हाळा असल्यामुळं ओली पोती लावून आठ-दहा दिवस ओला ठेवायचा. वरून चुन्याची सफेदी, थोडा डिंक घालून. प्लास्टिक पेंट नाही, पुट्टी नाही.

चुना विझवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उसळतो. उकळी फुटते, डोळ्यात गेला तर डोळा जातो. चष्मा, हातमोजे घाला आणि घरात लहान मूल असेल तर त्याला त्या दिवशी शेजारी पाठवा.

तांबडी_माती

उजेडाचं राहिलं. कौलं आहेत ना, मग उत्तरेच्या उतारावर तीन-चार काचेची कौलं बसवा. मंगलोरी मापाचीच मिळतात. आमच्या ओट्यावर सकाळी दहाला चौकोनी उजेड पडतो, तांदूळ निवडायला त्याच्याखालीच बसतात सगळ्या. दक्षिणेला नको, उन्हाळ्यात भाजून निघाल.

काळ्या झालेल्या वाशांना रंग देऊ नका. कोरड्या कुंच्यानं काजळी झाडा, मग रिठ्याच्या पाण्याचं घट्ट पिळलेलं फडकं, वाळलं की जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात. पण ती तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका हं, आपोआप तापून पेट घेतात. बाहेर दोरीवर उलगडून वाळवा.

कृष्णाकाठची

तीन आठवड्यांनी लिहितेय, मधे वेळच मिळाला नाही.

कोबा फोडला. मामंजी खुर्ची टाकून परसात बसले होते दिवसभर, पहिला घाव त्यांनीच सांगितला कुठं मारायचा ते. खाली जुनी दगडी पन्हळ सापडली, सरळ नदीच्या बाजूला उतार असलेली, माती भरून बुजलेली. ती मोकळी केली, बादलीभर पाणी ओतून बघितलं तर सुळकन गेलं. पाइप वळवला. खांब टोचून बघितला, बुडाशी दोन बोटं मऊ आहे, वर खणखणीत. सुतार म्हणाला सुकू दे, मग बुडाचा तुकडा काढून जोड देऊ.

काचपट्ट्या लावल्या, लेकीनं तारीख लिहिली आणि रोज शाळेत जाताना बघून जाते. अण्णा, अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही झालं, तुमचं बरोबर निघालं, आधी अर्थिंग नव्हतंच.

आणि मुख्य सांगायचं राहिलं. मोरीच्या भिंतीचा सिमेंट सोलताना एक ठिकाणी पोकळ आवाज आला. हळूहळू काढलं तर विटा लावून बुजवलेला कोनाडा निघाला, वीतभर उंच, वर कमान, आणि कमानीला पणतीची काजळी अजून आहे. सासूबाई आल्या, बघितलं, म्हणाल्या, "इथं सासूबाई मिठाचा सट ठेवायच्या, आणि संध्याकाळी दिवा." कधी बुजवला त्यांनाही आठवत नव्हतं. आत तळाला लाकडाची फळी आहे, कडेला थोडी खाल्लेली.

टेबल सुतारानं माजघरातच जोडलं, काल पहिल्यांदा सगळे एकत्र जेवलो. छताचं कापड अजून शिवायचंय, त्यामुळं मधेच मामंजींच्या आमटीत माती पडली, त्यांनी बोटानं काढली आणि जेवत राहिले.

आता प्रश्न एवढाच, कोनाड्यातली ती फळी काढून टाकू का? आणि आतून चुना लावायचा का काजळी ठेवायची? सासूबाईंना काजळी ठेवायचीय.

पाचवडचा

काजळी ठेवा. चुना कोनाड्याच्या कडेपर्यंत आणून थांबवायचा, आत हात लावायचा नाही, फक्त सुटी माती झाडून घ्या. फळी काढू नका, कमानीचा भार तिच्यावर नसला तरी बाजूच्या विटा तिच्यावर टेकलेल्या असतात. खाल्लेली कड पटाशीनं खरवडा, आत जिवंत वाळवी आहे का बघा, नसेल तर जवसाचं तेल दोनदा पाजा आणि सोडून द्या. मीठ मात्र तिथं परत ठेवू नका, भिंतीत लोणा आधीच पुरेसा आहे. दिवा ठेवा.

गुरुवारी मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यापाशी माझं काम आहे, तिथून तुमच्याकडे दहा मिनिटं. चार वाजता येऊन खांबाचं बूड बघून जातो, सुतारालाही त्या वेळी बोलावून ठेवा.